एकूण: शून्य

तिग्रानकाकांच्या दुकानात हीटर एकच,
तोही घड्याळांकडे तोंड करून.
बाहेर ग्युमरी, उणे एकोणीस.
माझ्या घड्याळाला पट्टा बसवता बसवता म्हणाले,
"नवार्द, तू कम्प्युटरवाली ना?
माझ्या भावाचं काही सापडतं का बघ. ऊद वाजवायचा.
सगळं असतं म्हणे त्यात."

सत्तेचाळीस साली बेरूतहून जहाज निघालं
तेव्हा हे सहा वर्षांचे, थोरला एकोणीसचा.
थोरला सिगारेट आणायला धक्क्यावर उतरला
आणि जहाजाला ते कळलं नाही.

रात्री लायब्ररी मागवली. एका ओळीत येते ती.
लायब्ररी म्हणायचं, पण कपाटं नाहीत,
शांतता पाळा अशी पाटी नाही.
हातात चिठ्ठी द्यायची: कलाकार, करापेत ताग्वोर्यान.
ती लांबच्या कुठल्याशा कोठारात जाते
आणि पन्नास-पन्नासच्या टोपल्या भरून आणते.
या वेळी रिकामी टोपली आणली, अदबीने.
एकूण: शून्य.

मग आठवलं. तिकडे राहिलेले आमचेच लोक
आमचीच अक्षरं उलटी उच्चारतात.
वर्गातलं पहिलं व्यंजन उठून तिसऱ्याच्या जागी बसतं,
तिसरं पहिल्याच्या.
कचा ग, पचा ब. त कधी हलतो, कधी नाही.
करापेतचा गाराबेद होतो,
ताग्वोर्यानचा ताक्वोरियान.
काकाही तिकडे दिक्रानच होते;
इथल्या मास्तरांनी पाटीवरचं पुसून
तिग्रान लिहिलं.

फेरा लिहिला. एकेका अक्षराला विचारायचं:
बाबा रे, तू उलटतोस का?
चौसष्ट नावं निघाली, लायब्ररी चौसष्ट वेळा गेली.
नाताळची गाणी म्हणणारा एक दंतवैद्य सापडला,
आणि ल्यों शहरातली चार पोरं, नुसती किंचाळणारी.
मध्येच दार लागलं: फार विचारलंत, तीस सेकंद थांबा.
थांबले. चहा टाकला.
तासाभराने परवाना संपला, नवा काढला.
पहाटे तीनला यादीत सगळे होते,
तो सोडून.

सकाळी जाऊन सगळं सांगितलं,
व्यंजनांसकट, जरा ऐटीतच.
काकांनी डोळ्यावरचं भिंग न काढता ऐकलं.
"गाराबेद? गाराबेद त्याला पोलीस म्हणायचे.
घरी गारो."

गारो.
दोन अक्षरं, आणि मी रात्रभर जागले.

तिथेच लॅपटॉप उघडला, चार घड्याळं बाजूला सारून.
एकूण: एक.
गारो ताक्वोर, मार्सेलिस. कसल्याशा संग्रहात अकरावा.
लोकप्रियता: शून्य.
लांबी: एक लाख सत्त्याऐंशी हजार चारशे तेरा मिलिसेकंद.
इतकं बारीक कुणी विचारलं होतं!
काकांनी मात्र मान डोलावली.

आधी खरखर. मग कुणीतरी ग्लास खाली ठेवला.
मग ऊद.
काकांचं बोट काउंटरवर ताल धरायला गेलं
आणि मागे पडलं.
पुन्हा धरला, पुन्हा मागे.
"पुढे जातोय," म्हणाले,
गिऱ्हाइकाला सांगतात त्याच आवाजात:
दिवसाला चार मिनिटं पुढे जातंय, ठेवून जा.
"तेव्हाही असाच. दम नाही."
भिंग अजून डोळ्याला होतं.
त्यामागचं मला काही दिसलं नाही.

पट्ट्याचे पैसे पूर्ण घेतले.

महिन्याभराने सहज लायब्ररीला पुन्हा पाठवलं.
तेच नाव, तीच लांबी.
लोकप्रियता: शून्य.
आणि शेजारचा चांभार तर भांडायला आलेला,
सकाळी फळी उघडल्यापासून रात्री कुलपापर्यंत
या म्हाताऱ्याकडे तोच एक ऊद वाजतो,
त्याला सांगा कुणीतरी,
निदान रविवारी तरी
दुसरं काही लाव.