जतन करण्याची सोय नाही

रामबागेतल्या माझ्या सामानाच्या खोलीत
लोणच्याच्या बरण्या खाली उतरल्या,
फळीवर मायक्रोफोन आला.
भिंतींना घरातल्या सगळ्या रजया टांगल्यात,
म्हणून जानेवारीत रोज रात्री तोच प्रश्न:
आज काय सोसायचं, घुमणं की गारठा?
हे म्हणतात, गारठा तू सोस,
गाणं तुझंच आहे.

जेल रोडवरच्या लोकेंद्रनं
पेन ड्राइव्हमध्ये तीन सॉफ्टवेअर भरून दिली.
"मॅडम, ये वाला ले लो,
पूरा इंदौर इसी पे बना रिया है."
पूरा इंदौर काय बनवतं ते ऐकते की मी,
लग्नसराईत, खिडक्या लावून.

पहिलं उघडलं. काळंभोर,
चारशे बटणं, विमान उडवायचं असल्यासारखी.
त्यातलं एक मला कळलं:
बंद करा.

दुसरं दिसायला गोड.
रंगीत चौकोन, बालवाडीतल्या ठोकळ्यांसारखे रचायचे.
सा ठेवला, रे ठेवला,
मधली वाट ठेवायला जागा नव्हती.
गंधार जरासा खाली ओढला
तर टुणकन शेजारच्या चौकोनात जाऊन बसला,
बाई वर्गात आल्यावर बसतात तसा.
आणि उघडल्या उघडल्या मिनिटाला एकशेवीस ठोके.
कुणी ठरवलं एकशेवीस?
माझा अजून चहा व्हायचा होता.

तिसरं करडं, अबोल.
चौकटी पुसता येत होत्या,
ठोका गप्प करता येत होता.
तळाशी बारीक अक्षरात एवढंच:
तीस दिवस सगळं वापरा.
जतन करण्याची सोय नाही.

रविवारच्या मराठी वर्गात माझी अकरा मुलं.
त्यांच्यासाठी एक गाणं करायचं होतं,
घोसाळ्याला गिलकी म्हणणाऱ्या घरांचं,
म्हणजे आमचंच.
बाराव्या रात्री चाल सुचली.
पोह्यांच्या डब्यावर चमच्यानं ताल धरला,
पलीकडून यांच्या घोरण्याचा षड्ज आला,
तोही राहू दिला.
तीनदा ऐकलं.
चौथ्यांदा हात पुढे गेला आणि थांबला.
लॅपटॉप मिटला. गेलं.

सकाळी ऑफिसात, थकलेल्या हप्त्यांच्या यादीत
ती चाल शोधत बसले.
अर्धी सापडली.
रात्री उरलेली अर्धी करायला गेले
तर ती भलतीच झाली, आणि बरी झाली.
असे अठरा दिवस.
रात्री गाणं, सकाळी कोरी पाटी.
परत आलं तेवढं माझं.
आलं नाही ते बहुधा बटणांचं असावं.

तिसाव्या दिवशी पैसे भरले. साडेपाच हजार.
एवढ्यात दोन जयपुरी रजया आल्या असत्या,
हे घरात कुणी बोललं नाही,
माझं मीच बोलले.

आता सगळं जतन होतं.
गिलकी एक. गिलकी दोन. गिलकी दोन नवी.
गिलकी शेवटची.
गिलकी शेवटची, खरंच.
चौदा फायली,
आणि एकीतही गाणं संपत नाही.
प्रत्येक चूक जिथल्या तिथे,
कुलूप लावून ठेवलेली.

रविवारी लॅपटॉप घरीच ठेवला.
पेटी काढली, गाऊन दाखवलं.
दुसऱ्या ओळीवर मुलं हसली,
म्हणजे शब्द पोचले.
तिसऱ्या ओळीत अन्वी मुळ्ये,
वय वर्षं सात, पुढचा दात पडलेला,
माझं वळण चुकली आणि सरळ वर चढली.
बाकीची दहा तिच्यामागून.
मी पेटीवर बोटं शोधत राहिले.

ते वळण माझ्या चौदातल्या एकाही फायलीत नव्हतं.

रात्री पंधरावी उघडली.
नाव द्या, म्हणालं ते करडं.
बराच वेळ ती रेघ लुकलुकत राहिली.
मग उठले,
उत्तरेच्या भिंतीवरची रजई काढली,
यांच्या अंगावर टाकली,
आणि घुमणाऱ्या खोलीत परत येऊन
तिसरी ओळ म्हणून पाहिली.