नियम तिसरा

नेरूळला, खाडीकडे तोंड केलेल्या दोन बाकांवर
एक रविवार सोडून आमची परीक्षा असते.
गुण मी लिहिते.
भूमिती शिकवलेल्या बाईचा हात
गुण देताना सैल पडत नाही, असा समज आहे.

नियम तीन.
मोबाईल पिशवीत.
वीस मोजेपर्यंत उत्तर.
आणि विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असलंच पाहिजे.

समोर उलव्याकडून नवंकोरं विमान चढतं
चाकं पोटात घेत.
कोणी मान वर करत नाही.
आमची विमानं पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर,
खालून, बाजूनं, कधी नुसतं शेपूट,
शाईत बुडवून काढल्यासारखी काळी.

"ब्रेक लावायला चाकं अर्धी खाली सोडतं, ते कोण?"
नॅट. रेग्यांचं उत्तर, प्रश्न संपायच्या आत.
"अंग लाकडाचं, इंजिन जेटचं?"
व्हॅम्पायर! दोघं एकदम.
अर्धा-अर्धा गुण, आणि त्यावरून पाव तास भांडण.
"तुफानीचं माहेरचं नाव?"
ऊरागाँ, फ्रान्सचं. इकडे आल्यावर बदललं,
बायकांचं बदलतात तसं, डाबरे म्हणतो,
आणि माझ्याकडे बघून जीभ चावतो.

रेगे ओझरला तेहतीस वर्षं रिवेट ठोकत होते.
डाबरे आजवर विमानात बसलेला नाही,
कान दुखतील म्हणतो.
दिवाळ्याचा तांडेल आमच्यात सर्वांत धाकटा,
चार वर्षांत सर्वांत जास्त गुण त्याचे.

काल त्यानं एक फोटो बाकावर ठेवला.
विमान नाही. पंखसुद्धा नाही.
परातीएवढा पत्रा,
रिवेटच्या दोन रांगा, एक कड फाटलेली,
कोपऱ्यात हिरवा रंग नखाएवढा उरलेला.
आकडे: सात, मग काहीतरी खाल्लेलं, मग तीन.
"यो कनचा?"

वीस झाले.
मी मोजणं थांबवलं नाही, साठ झाले.
रेग्यांनी चष्मा काढून फोटो नाकाला लावला,
रिवेटमधलं अंतर अंगठ्याच्या पेरानं मोजलं.
"हंटर नाही. हंटरचं रिवेट असं डोकं वर काढत नाही."
"कॅनबेरा?" "छे."
"लिबरेटर?" "इथं कुठून येणार?"
"हरलो बाबा," डाबरे म्हणाला, "सांग आता."

तांडेल ओहोटीच्या चिखलाकडे बघत होता.
"मलापन ठावं नाय."

बापाच्या जाळ्यात आला होता तो पत्रा,
तांडेल तेव्हा पाळण्यात.
जाळं फाटलं म्हणून बापानं आठवडाभर
पत्र्यालाच शिव्या घातल्या.
मग दगडानं ठोकून सपाट केला,
आई अजून त्यावर मांदेली सुकवते.
गंजत नाही, एवढंच तिचं त्याच्याबद्दल मत.
पण बाप, इंग्रजी वाचणारा कोणीही भेटला
की त्याला घरी आणायचा, आकडे दाखवायचा,
आणि नाव नाही विचारायचा.
विचारायचा, यातला मानूस वाचला का?

म्हणजे एवढे पत्ते, एवढे गुण,
मिस्टेअर, मारुत, पाठीवर जेट बांधलेलं पॅकेट,
हे सगळं तांडेल ओळखायला शिकला नव्हता.
वगळायला शिकला होता,
एकेक करत.

मी वहीत तिसऱ्या नियमावर रेघ मारायला गेले.
"राहू दे," रेगे म्हणाले.
"खाली लिहा, अपवाद एक."
त्याच्या नावापुढे मी शून्य घातलं नाही,
एकही नाही. रकाना तसाच आहे.

मग रेगे बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले,
मागची बाजू बघायला हवी.
रिवेट समोरून खोटं बोलेल, मागून नाही.

पुढच्या रविवारी दिवाळ्याला जायचं ठरलं.
तांडेलनं तिथूनच आईला फोन लावला
(पहिला नियमही गेला),
पलीकडून मोठ्यानं ऐकू आलं:
दुपारनंतर या.
सकाळी त्यावर मासळी असते.