डाव्या पंखातलं दहावं

खुराडं उघडायच्या आधी मी वही उघडते.
साखर कारखान्याची डायरी, चार वर्षांमागची,
तारखा चुकीच्या, ओळी मात्र सरळ.
लाखा नंबर सात, मादी नंबर अकरा.
अंडी तेरा. फुटली नऊ. ठेवली दोन.

ठेवली नाहीत ती कुठं गेली हे वहीत नसतं.
आष्ट्यात आमचं आडनाव मुलाणी,
ते न लिहिता कळतं.

काय बघायचं ते अब्बांनी बोटांनी शिकवलं.
तुरा वाटाण्यासारखा, तीन ओळींचा, कवटीला चिकटलेला,
समोरच्याच्या चोचीला धरायला काही मिळू नये म्हणून.
गलोल नसल्यातच जमा. तेही त्याचसाठी.
डोळा मोत्याचा.
पाय पिवळे. किती पिवळे?
शेजारी भूपाल मगदूम हळदीचं पोतं सोडत होते,
अब्बा म्हणाले, तेवढे.

मगदूमकाका जैन. अंडं दिसलं की तोंड फिरवायचे,
पण पिल्लं तोलायला काटा त्यांचाच,
वर पेपर अंथरून,
आणि आकडा तेच मोठ्यानं वाचायचे,
शेवटच्या ग्रॅमसकट.

झुंजी बंद झाल्या. मग अब्बाही गेले.
अंग तेवढं राहिलं.
मान अजून तशीच ताठ, समोर कुणी असल्यासारखी.
समोर असतं प्रदर्शनाचं टेबल, जाळीचा पिंजरा,
सुतळीनं बांधलेला नंबर.
ज्या मांडीवर पैजा लागायच्या
तिला आता अंगठ्यानं दाबून मार्क देतात.

यंदाचा नर अकरा वर्षांनी जमलेला.
दोन महिने रोज तिन्हीसांजेला त्याला स्टुलावर उभा केला,
माणसाच्या हाताची सवय व्हावी म्हणून.
रिठ्यानं धुतला, पायांना खोबरेल,
नखांतली माती जुन्या ब्रशनं.
सगळं बसलं. हाड, चाल, शेपटीचा उतार.
फक्त डावा पंख उघडला
की दहावं पीस पांढरं,
पानाला चुना लावून कुणी बोट पुसावं तसं.

आदल्या रात्री लाइट गेली होती.
मोबाइल दातात धरला आणि उपटलं.
तो ओरडला नाही. असील ओरडत नाही.
माझ्याकडं बघत राहिला, मोत्याच्या एका डोळ्यानं,
आणि मी ते पीस टाकायचं सोडून
वहीत ठेवलं, का ते माहीत नाही.

सांगलीत मार्केट यार्डाच्या मागं मांडव,
हळदीच्या वासात दोनशे कोंबडी आरवणारी.
विट्याचे सलगरे डॉक्टर, सत्तरीचे, हात थरथरणारे,
पंखावर मात्र स्थिर.
पिसं मोजली. नऊ.
परत मोजली.
रिकाम्या जागी अंगठा थांबला.

झडलंय, मी म्हटलं.
हं, ते म्हणाले. जानेवारीत?
मग पंख मिटून, लेखणी खिशाला लावून,
दस्तगीरची तू? जैबून?
त्याच्या प्रत्येक नराला इथं एक पांढरं असायचं.
हरिपूरच्या माळावर अंधार पडला, धूळ उडाली,
तरी कुणाचा कोंबडा ते आम्ही तेवढ्यावरून ओळखायचो.
आता चार्टमध्ये तो दोष आहे.
असता तर दोन मार्क गेले असते.
नाही, त्याचे किती कापू तूच सांग.

मी काही सांगितलं नाही.
तिसरा नंबर आला. प्लास्टिकची ढाल, एक टॉवेल.
मगदूमकाकांनी विचारलं, वजन कमी भरलं का?
म्हटलं, हो, एका पिसाएवढं.
ते हसले. त्यांना विनोद वाटला.

आज एकविसावा दिवस.
पंख उघडून बघितला. दहाव्या जागी
नवं पीस आलंय, अजून म्यानात,
निळसर, रक्तानं भरलेलं, बोटाला गरम.
रंग कळत नाही.
वहीत तारीख घातली
आणि पुढची जागा मोकळी ठेवली.