दीड सेंटिमीटर माया

कुताइसीच्या कोट-कारखान्यात सव्वीस वर्षं
मी सहाच मापं शिवली.
चव्वेचाळीस ते चोपन्न, फक्त सम आकडे.
पंचेचाळीसच्या बाईनं
श्वास रोखून चव्वेचाळीसमध्ये शिरायचं
नाहीतर सेहेचाळीसमध्ये हरवायचं.
कोट कुणासाठी बदलत नसे.

आता तिथे फर्निचरचं दुकान आहे
आणि मी, नानुली, एकसष्टाव्या वर्षी
ग्रंथालयाच्या तळघरात मंगळवारी-गुरुवारी
वेबपानं शिवायला शिकते.
शिकवणारी तिनातिन माझ्या इयाहून बारा वर्षांनी लहान.
नखांना हिरवा रंग, आवाज फोरमनचा.

पहिल्याच दिवशी तिनं माझं पान उसवलं.
"सगळं डिव्हमध्ये का कोंबलंत, मावशी?
माथ्याला हेडर म्हणा, पायाला फुटर,
मधल्या ऐवजाला मेन.
कुणी कानांनी पान वाचतं,
त्याला कळू दे आपण कुठे आहोत."
कारखान्यात बाहीला 'तुकडा क्रमांक सात' म्हणत.
मी मनात बाहीच म्हणायचे.

पॅडिंग मला शिकवावं लागलं नाही.
माया सोडल्याशिवाय कापडाला कात्री लावू नये
हे हाताला ठाऊक होतं.
मार्जिन म्हणजे खुंट्यांवरच्या दोन कोटांमधली हवा.
फ्लेक्स म्हणजे बाकावर बसलेल्या बायका:
जागा संपली की शेवटची
न रुसता खालच्या ओळीत जाऊन बसते,
पण तिला आधी 'रॅप' म्हणून सांगावं लागतं,
नाहीतर सगळ्या एकमेकींना चेंगरत राहतात.
ग्रिडशी मात्र मी तीन आठवडे भांडले.

पान तयार झालं: जुने कोट बदलून मिळतील.
तीन रकाने, नऊ फोटो, ग्रंथालयाच्या मोठ्या पडद्यावर
काय रुबाब!
मी दुवा इयाला पाठवला.

इया इटलीत, बारीला, एका म्हातारीला सांभाळते.
म्हातारी झोपली की स्वयंपाकघरात बसून
तडकलेल्या फोनवर माझ्याशी बोलते.
तिनं एवढंच लिहिलं:
"आई, मुंग्या दिसतायत."

अख्खं पान पोचलं होतं, बाराशे पिक्सेलचं,
तळहाताएवढ्या काचेत दुमडून.
ती दोन बोटांनी ताणत होती,
सातवीत असताना आखूड झालेली बाही
मनगटापर्यंत ओढायची, तशी.
मी परत चोपन्नचाच कोट शिवला होता.

तिनातिन म्हणाली, वर एक ओळ राहिलीय, व्ह्यूपोर्टची.
ती ओळ म्हणते: रुंदी तुझीच, तुझ्याकडे आहे तेवढी.
मग विड्थ खोडून मॅक्स-विड्थ.
मग सगळं उलटीकडून:
आधी सर्वांत लहान काच, एकच रकाना,
आमच्या गोल अक्षरांच्या शेपट्या
खालच्या ओळीला टोचणार नाहीत इतकी लाइन-हाइट.
सातशे पिक्सेल झाले तर दुसरा रकाना. नाही झाले, नको.
कडेची माया दीड.
सेंटिमीटर नाही, रेम म्हणायचं.

तिनातिन दिवे मालवायला आली तरी
मी खिडकीची कड धरून आत-बाहेर सरकवत होते.
आयुष्यात पहिल्यांदा
पंचेचाळीस बघितलं. एकोणपन्नास.
साडेत्रेपन्न.

फोटो न दिसल्यास वाचायला मजकूर लागतो.
पहिल्या फोटोला मी लिहिलं:
राखाडी कोट, तिसरं बटण वेगळं.
इयाचाच तो. नेला नाही.
तिकडे थंडी कमी असते, म्हणाली होती.

रात्री अकराला तिनं पान उघडलं.
उत्तराला वेळ लागला, म्हातारी उठली असेल.
मग पडद्याचा फोटो आला:
एक रकाना, दोन्ही कडांना माया,
कोपऱ्यात बॅटरी सात टक्के.
खाली लिहिलं होतं,
"वाचता आलं. पण आई,
बाही आखूड करायचे किती घेतेस
ते कुठे लिहिलंयस?"