माग

जेवून मी चूळ भरत होतो,
तेव्हा कायतान कुंपणापाशी उभा, कंदील विझवून.
दोन वर्षं आमचं बोलणं नव्हतं.
“मेरवाक लागलां रे,” म्हणाला. “पूण पडूंक ना.”
एवढंच.
शाळेत उशिरा आलेलं पोर पाटी धरतं
तशी त्याने बंदूक पोटाशी धरली होती.

खिशातून किंदळीचं पान काढलं, त्यावर एक थेंब.
चुलीपाशी नेऊन पाहिलं :
काळपट, कोकमाच्या आगळासारखं.
हुंगलं. शेणाचा वास नव्हता.
म्हटलं, कलेजीत गेलीय गोळी. आता नको जाऊया.
बसू दे त्याला कुठं बसायचं तिथं.
रात्री मागे लागलास तर घाट चढेल
आणि पाखल्यांच्या हद्दीपलीकडे जाऊन मरेल.

ओसरीवर बसून राहिला.
बायकोने पेज दिली, वर खारातली मिरची.
भांडण तिचं नव्हतं.
मी आत जागाच. त्याच्या विडीचा ठिपका
लाल होई, विझे. मला वाळपईची ती खानावळ आठवे,
जिथे मी सांगत होतो, चोरल्याच्या उतारावर
एक मेरू मला लागलं, शपथ,
आणि हा फेणीचा पेला खाली ठेवून म्हणाला होता,
“तुज्या बंदुकेक फकत आवाज आसा.”
अख्खं टेबल हसलं होतं. वाढणारा पोरगाही.

उजाडता निघालो.
सुक्या पाल्यावरचं रक्त पाल्याच्याच रंगाचं होतं,
म्हणून मी खाली बघत नाही, वाकून आडवा बघतो,
उन्हाकडे तोंड करून. जिथे ओलं, तिथे चमकतं.
प्रत्येक थेंबापाशी कुड्याची काटकी रोवायची.
कायतान दोनदा पुढे घुसला, दोनदा मागे ओढला :
पाय देशील, मग काय चाटून शोधू?
त्यानंतर तो शेवटच्या काटकीपाशी
मेणबत्तीसारखा उभा राही
आणि मी हात करीपर्यंत हलत नसे.

एके ठिकाणी कारवी मोडलेली, कमरेएवढ्या उंचीवर पुसलेलं रक्त.
पुढे एका जागी ते बसलं होतं.
पालापाचोळा दाबलेला, मधे आगळाचं थारोळं.
तिथून सरळ ओढ्यात.
ओढ्यात काय राहणार?
पलीकडच्या काठाला तासभर रांगलो. गुडघे सोलले.
जांभ्या दगडावर काहीच नाही.
कायतान म्हणाला, जाऊ दे.
मी ऐकलं नाही. का ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

मग दिसले हुमले,
एका धोंड्यावर दाटलेले, तोंडं एकाच जागी.
बोटाने बाजूला सारले, चावले.
खाली एक सुकलेला थेंब, तांदळाएवढा.
वीस पावलांवर दुसरा घोळका.
मुंग्यांनी आम्हाला नेलं, आम्ही नुसते गेलो.

भेडल्या माडाखाली डबक्यात पडलं होतं,
पुढचे पाय पाण्यात, शिंग चिखलात रुतलेलं.
डोळ्यावर माशी. थंड.
कायतानने खुरीस काढला, मग टोपी,
मग काय करावं न सुचून
मला मिठी मारायला आला. मी सुरी उघडली.

सोलताना उजव्या फऱ्याच्या मागे
पातं कशाला तरी टचकन अडलं.
चरबीत गुंडाळलेली, बोरासारखी गोल.
अंगठ्याने दाबली. शिसं.
माझ्या ठासणीच्या साच्यातलं,
कडेला तो उंचवटा, जो मी कधी घासला नाही.

म्हणजे लागलं होतं.
म्हणजे त्या संध्याकाळी मी दोन थेंब पाहिले,
अंधार पडला, भूक लागली,
आणि मी घरी जाऊन भात खाल्ला.
दोन पावसाळे हे माझं ओझं घेऊन चरत होतं,
ह्याच ओढ्यावर पाणी पीत होतं.

कायतान पलीकडे कोयता धूत होता.
“कितें मेळ्ळें?”
मी मूठ पाण्यात सोडली.
हाड, म्हटलं.
आणि मानेचा वाटा, जो माग काढणाऱ्याचा,
त्यालाच घेऊन जायला लावला.
तो अजून समजतो, मी मोठ्या मनाचा.