चाळीसचा बल्ब

बँकेने दिवाडीला बदली केली तेव्हा
जतहून ज्वारीचं एक पोतं आणलं होतं.
महिन्याभरात पोत्याला घाम फुटला.
मीठ बरणीत एकजीव झालं.
काडी ओढली की गुलाचा लगदा व्हायचा,
आणि टेबलाचा खण, ज्यात बदलीचा कागद होता,
आषाढात फुगला तो दिवाळीपर्यंत उघडला नाही.

आमच्याकडे ओल ही साठवायची गोष्ट.
माठाखालच्या पाझरावर आई पुदिना जगवायची,
भांड्यांचं पाणी शेवग्याला,
रात्री ओठांना तूप.
वाळवणं असं आम्ही काही करत नसू. ते व्हायचं.
दोरीवर एक लुगडं टाकून
दुसरं पिळेपर्यंत पहिलं कडक.

इथे ते काम आहे.
शेजारची ओलिंदा
मिसेला जावं तशा नेमाने करते.
मे महिन्यात तिने कोकमं फोडली.
गर नि बिया मीठ घालून एका भांड्यात,
सालं पत्र्यावर, उन्हात.
मला वाटलं, झालं.
संध्याकाळी तिने सुकत आलेली सालं
उचलून परत त्यांच्याच रसात टाकली.

"अगं, वाळली होती की!"

"तशें न्हय बाय. रोसांत बुडय, वतांत घाल.
परत बुडय, परत घाल."

किती वेळा, ते मी मोजायचं सोडून दिलं.
एकदाच वाळवलेलं साल, ती म्हणाली,
रुसलेल्या माणसासारखं,
वाजतं नुसतं.

जुलैत तिने माझं कपाट उघडून नाक दाबलं.
"बल्ब खंय?"
कपाटात बल्ब लावतात हे मला ठाऊक नव्हतं.
एलईडी नको, तो फक्त उजेड देतो.
चाळीसचा हवा, पिवळा, तारेचा,
हात लावला तर भाजेल असा.
पणजीत तीन दुकानं झाली, पोरं हसली.
म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
एका म्हाताऱ्याने दोन काढून दिले,
वर्तमानपत्रात गुंडाळून,
अंडी द्यावीत तसे.

मग बाबा आले. जत आगाराचे निवृत्त कंडक्टर.
टाचांच्या भेगांत चार आणे उभे राहतील,
खांद्याला तीच तिकिटाची चामडी पिशवी.
चौथ्या दिवशी पिशवीवर हिरवी लव आली.
खोबरेलाने पुसत म्हणाले,
"नोकरीत होती तोवर हिच्यावर काही उगवलं नाही."
आठव्या दिवशी टाचा मिटल्या.
पाऊल मांडीवर घेऊन बसले कितीतरी वेळ,
अंगठा फिरवत,
चुकून कुणा दुसऱ्याचं आलं असावं तसे.

रात्री त्यांना कपाटाच्या फटीतून उजेड दिसला.
"आत कोण वाचत बसलंय?"
म्हणाले, आणि बटण बंद केलं.
सकाळी माझ्या साड्यांना कुबट वास.
मी लावला. त्यांनी मालवला.
मी समजावलं, त्यांनी मान हलवली
आणि रात्री परत मालवला.
जाईपर्यंत हेच चाललं.
भांडलो नाही. पण
इतक्या वर्षांत इतक्या वेळा
एकमेकांशी एकाच गोष्टीवर बोललोही नव्हतो.

फेरीबोटीपर्यंत पोचवायला गेले.
पिशवीत ओलिंदाची सोलं, केळीच्या पानात,
वर तिने दोनदा दोरा बांधलेला.
बोट सुटली तरी ते कठड्याशी उभे,
पिशवीवर पंजा ठेवून,
सुट्टे पैसे सांभाळत असल्यासारखे.

पंधरा दिवसांनी फोन आला.
"दोन सोलं टाकली आमटीत. आई विचारते,
इतका रंग कुठून निघतो?"
"टाचा?"
"फुटायला लागल्या."
मग थोडं गप्प. मागे कुणीतरी
बादली ठेवल्याचा कोरडा आवाज.
"तो दिवा चालू आहे का गं?"
"आहे."
"असू दे."