नमुना क्रमांक सात

दुपारी दोन चाळीसला लाइट गेली.
जनरेटर दोनदा खोकला, गप्प झाला.
डीप फ्रीझरच्या काट्यावर उणे वीस,
खिडकीबाहेर नागपूर, शेहेचाळीस पूर्णांक दोन,
आणि मधे एक दार,
रबराला मागच्या साली चीर पडलेलं.

आत एकवीस बरण्या.
सायबेरियाच्या पार वरच्या दलदलीतली माती,
काळी, शेवाळाच्या धाग्यांची,
दहा हजार वर्षं
कुजायचं राहून गेलेली.

शालिकराम केवट गेट सोडून दारात.
"काय ठेवलं मॅडम एवढं? मटण?"
माती.
"माती काहून ठेवता जी फ्रीझरात? नासते का?"

नासते.
चार वर्षं मी अहवालात विघटन लिहिते आहे.

त्याला सांगितलं:
वितळली की आतले जंतू जागे होतात,
हवा नसली की मिथेन सोडतात.
वरच्या शेवाळात दुसरे बसलेले,
ते त्यातला बराचसा खाऊन टाकतात.
पण लव्हाळं पोकळ. त्याच्या देठातून
गॅस न विचारता वर निघून जातो.
आणि तीच दलदल उन्हाळाभर
हवेतला कार्बन आत ओढते.
घेणं किती, देणं किती,
एवढ्याचाच मला पगार.

"आमच्या साकोलीकडं बोडीत पाय रोवला का
बुडबुडे येत. बाप म्हणे,
गाळ झोपेत बोलते.
आम्ही काडी लावून पाह्यचो."
पेटायचं?
"भक्कन. निळं."

उणे सोळा.
उणे बारा.

कॉटन मार्केटमागून रिक्षात लाद्या आणल्या,
भुशासकट, पोत्यात, अर्ध्या रस्त्यात सांडलेल्या.
म्हटलं, उपयोग नाही,
शून्याचा बर्फ हिला चटकाच.
"मीठ टाका ना जी.
दोन उन्हाळे कुल्फीची गाडी लावली मी
सक्करदऱ्यात."

मेसमधलं खडं मीठ, पाच किलो.
लाद्या फोडल्या, बरण्यांभोवती ठासल्या.
बोटं बधिर झाली, मग दुखायला लागली.
मे महिन्यात, थंडीनं.
उणे नऊवर काटा अडला
आणि हळूहळू मागे सरकला.

सहाला लाइट आली.
काटा फक्त खालच्या कप्प्याचं सांगतो.
वर, चिरेजवळ,
सात नंबरची बरणी पाणावलेली. आत चिखल.

मशीन गरम व्हायला साडेसात.
झाकणाच्या रबरातून सुई घातली,
थोडी हवा ओढली, सोडली.
रेघ सरळ, सरळ,
मग एकदम उभी राहिली
आणि खाली बसली.
शालिकराम पडद्याला नाक लावून:
"बोलली?"
बोलली.

रजिस्टर: क्रमांक सात, रद्द.
कारणाच्या रकान्यात आम्ही
'वीजपुरवठा खंडित' लिहितो.
मी लिहिलं, नागपूर.

उद्या साहेब खोडतील.
पण पानाखाली कार्बन होता,
दुसऱ्या प्रतीवर उमटलंच.